दोर न धरणारा मामा

माझ्या मामानं उभ्या आयुष्यात एकाही शिष्याला शाबास म्हटलं नाही, एकाचाही हात धरला नाही, आणि कुणी मध्येच अडकून बोंब मारली तर त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. आणि तरीही आमच्या झाडीतल्या सात गावांत कड्यावर चढणारा असा एक माणूस दाखवा, जो त्याच्याकडे शिकायला आला नव्हता. मी पुढे नागपूरला जाऊन बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला. हे मी सांगणारच, कारण ते खरं आहे आणि माझ्या वतीनं सांगायला आता दुसरं कुणी उरलेलं नाही. नागपुरात मी नाना तऱ्हेचे प्राध्यापक पाहिले. खांद्यावर हात ठेवून शिकवणारे पाहिले, टेबलावर मूठ आपटून शिकवणारे पाहिले, एक तर असे होते की तासभर फळ्याशीच गप्पा मारत. पण विद्यार्थ्याकडे पाठ करून शिकवणारा मास्तर मी एकच पाहिला, आणि त्याला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं.

आमचं गाव सिंदेवाहीपासून बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर. गावापुढे तळं, गावामागे पहाडी. आम्ही ढीवर, जाळ्यावर जगणारे. आठ महिने तळ्यानं पोसायचं आणि उरलेलं पहाडीनं. पहाडीची एक बाजू तासल्यासारखी उभी, आणि तिच्या कपारीखाली आग्या मोहोळं लटकायची, उलटी टांगलेली काळी सुपं जशी. हे मध काढायचं म्हणजे पहाडीच्या माथ्यावरून माहुलाच्या वेलीच्या सालीचा मनगटाएवढा दोर सोडायचा, त्याला माणूस बांधायचा, माणसाच्या हातात धुराचा पेंढा द्यायचा, आणि तो लोंबकळत जाऊन मोहोळ कापून खाली टोपल्यात सोडायचा. दिवस मावळताना हे काम चालायचं, कारण उजेडात माश्या माणसाला ओळखतात.

आता हा दोर वर धरायचा कुणी? आमच्याकडे याचा कायदा ठरलेला होता. दोर धरायचा तो साळ्यानं, म्हणजे बायकोच्या भावानं. सख्खा भाऊ चालत नाही, कारण त्याच्या मनात धुऱ्याबांधाचा वाद असतो. बाप चालत नाही, त्याचे हात थरथरतात. मित्राचा भरवसा मोहफुलं पडायला लागेपर्यंतच. साळा मात्र दोर सोडायचा नाही, कारण सोडला तर कुंकू पुसलं जाणार ते त्याच्याच बहिणीचं. त्यामुळे आमच्याकडे सोयरीक जुळवताना मुलगी गोरी की काळी हे मागाहून निघायचं. आधी विचारायचे, भाऊ किती, आणि त्यांची मनगटं कशी. एकुलत्या एका मुलीला स्थळ मिळायला वेळ लागायचा. ज्याला साळा नाही, त्यानं जन्मभर खाली टोपलं धरून उभं राहायचं.

माझा मामा हा त्या काळचा सात गावांतला पहिल्या नंबरचा साळा. मनगट असं की मांजरानं त्याच्यावर अंग पसरून झोपावं. माझे वडील त्याच्या दोरावर असे निवांत लोंबकळायचे की दोन्ही हात मोकळे सोडून तंबाखू मळायचे, असं लोक कौतुकानं सांगत. मी सहा वर्षांचा होतो तेव्हा वडील त्या कड्यावरून पडून गेले. वर दोर मामाच्या हातात होता.

त्या दिवसापासून मामानं काहीही धरणं सोडून दिलं. हे मी शब्दशः सांगतो आहे. विहिरीचा दोर नको म्हणून तो तळ्यावरून पाणी आणायचा. त्याच्या बैलांना कासरा नव्हता. ते त्याच्यामागून आपापले चालत आणि कधी कधी त्याच्या आधी घरी पोचत. बकरी त्यानं कधी बांधली नाही. गावात एका लग्नात अंतरपाट धरायला माणूस कमी पडला, भटजींनी मामाला हाक मारली, तर हा म्हणाला, "दोन खुट्या ठोका अन् त्यायले बांधा. खुट्या इमानदार रायते." एकदा आम्ही दोघं मोटारीनं गडचिरोलीला जात होतो. रस्ता असा की आतली माणसं चाळणीतल्या तांदळासारखी उडत होती, आणि मामा मधोमध कशालाही न धरता, पायाच्या अंगठ्यांवर भार देऊन, देवळातल्या मारुतीसारखा उभा. कंडक्टर ओरडला, "अहो बुढेबा, दांडी धरा ना, पडान!" मामा म्हणाला, "तू आपल्या तिकिटा धर. त्या उडून राह्यल्या." आणि खरंच पुढच्या खड्ड्याला कंडक्टर माझ्या मांडीवर आला; मामा जागचा हलला नाही.

माणसाच्या तोंडाकडे तो बघतच नसे. पायांकडे बघायचा. एका मुलीसाठी नवरा बघायला त्याला नेलं होतं. मंडळी चहा पितात, शेतीभातीचं विचारतात, आणि मामा ओसरीच्या खाली वाकून नवऱ्याचे पाय न्याहाळतो आहे. परत येताना मुलीच्या बापानं विचारलं, "भाऊ, कसा वाटला पोरगा?" मामा म्हणाला, "पोरगा चांगला हाये. उजवा अंगठा आळशी हाये, पण संसाराले डाव्यानं चालते."

आणि तरी या माणसाच्या आयुष्यात एक गोष्ट अशी होती की तिच्यापुढे त्याचे अंगठे लुळे पडायचे. ती म्हणजे त्याची बहीण, माझी माय. तिचं घर त्याच्या घराला लागून, मध्ये फक्त बांबूच्या तट्ट्याचं कुंपण. वडील गेल्यापासून ती मामाशी बोलली नाही. भांडलीही नाही. नुसतं बोलणं थांबवलं. पण शेजारी राहायचं म्हणजे निरोप असतातच. तेव्हा तिनं मामाच्या बकरीला मध्ये घातलं. बकरी मोकळीच असायची, ती आमच्या अंगणात यायची, आणि माय तिच्याकडे बघून, मामाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची, "सांग म्हणावं तुया मालकाले, छपरावरचा भोपळा सडून राह्यला." पलीकडून मामा, बकरीलाच उद्देशून, "सांग म्हणावं, तोडून ठेवला. अर्धा धाडतो." बकऱ्या बदलल्या, आईच्या जागी लेक आली, पण ही कामगिरी त्यांच्या घराण्यात पिढीजात चालत राहिली.

याचं हसू यायचं, पण भाऊबीजेला यायचं नाही. आमच्याकडे जिला भाऊ नाही, ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. माझी माय दर भाऊबीजेला तिन्हीसांजेला ताट घेऊन अंगणात यायची आणि पश्चिमेला दिसणाऱ्या त्या नखाएवढ्या चंद्राला ओवाळायची. कुंपणापलीकडे तिचा सख्खा भाऊ अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, ओसरीवर बसलेला असायचा. दर वर्षी अंघोळ करायचा, दर वर्षी बसायचा. तट्ट्याच्या फटींतून निरांजनाचा उजेड त्याच्या धोतरावर हलायचा. मग माय आत जायची आणि तो उठायचा.

तोवर मामा सात गावांतल्या पोरांना दोराशिवाय कडा चढायला शिकवू लागला होता; मी त्याच्याकडे शिकायला लागलो तो माझ्या अगोचरपणामुळे. चौदा वर्षांचा असेन. शाळेतली पोरं मला 'पडलेल्याचा' म्हणायची. एका दुपारी मी कुणाला न सांगता, जिथे मोहोळं नसतात त्या बाजूनं कडा चढायला लागलो आणि अर्ध्यावर अडकलो. खालीही जाता येईना, वरही. कोणी तरी मामाला कळवलं. तो आला, जाळं खांद्यावर टाकलेलं. खाली एक चपटा दगड होता, त्याच्यावर माझ्याकडे पाठ करून बसला आणि जाळं विणायला लागला.

मी ओरडलो, "मामा, मले उतरव!"

"मी काऊन उतरवू? मी चढवलो होतो का तुले?"

"मामा, मी मरून जाईन!"

"मंग बोंबलू नको. मरणाऱ्यानं दम वाचवावा."

मी रडलो, शिव्या दिल्या, मायची शपथ घातली. जाळ्याची सुई चालूच. बऱ्याच वेळानं तो एवढंच म्हणाला, "पायाले विचार. त्याले मालूम हाये थो कुठून आला." आणि काय सांगू, माझ्या उजव्या पायाला खरंच आठवलं. उन्हं कलेपर्यंत मी खाली होतो. मामा उठला, जाळं झटकलं, आणि माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या अंगठ्याकडे बघून म्हणाला, "बापासारखा नाई."

मला ती शिवी वाटली. ती शिवी नव्हती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

मायला संध्याकाळपर्यंत सगळं समजलं. तिनं मला मारलं नाही. तिनं बकरीला बोलावलं.  "सांग म्हणावं तुया मालकाले, पोरगं आता मानणार नाई. शिकवायचं तं शिकव. पण दोर नाई. हे पोरगं कोणाच्याबी हातावर न रायता, एकल्यानं चढून एकल्यानं उतरलं, त्या साली मी चंद्राले ओवाळणार नाई." पलीकडून मग मामा म्हणाला, "सांग म्हणावं, समजलं." बकरी दोघांकडे बघून पाला खायला लागली.

मामाचं शिकवणं असं की पहिले तीन महिने चढायचंच नाही. पायवाटेनं मागून माथ्यावर जायचं आणि कड्यावरून हातभर, दोन हात खाली उतरायचं, पुन्हा वर यायचं. "चढणं कुत्र्यालेबी येते. उतरून दाखव," हे त्याचं पहिलं सूत्र. दुसरं, "तीन धर, एक सोड." दोन हात, दोन पाय, यांतले तीन दगडावर पक्के असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही. हे तो इतकं म्हणायचा की गावातली म्हातारी माणसं जिना उतरतानाही पुटपुटत. तिसरं, तोंडात घोटभर पाणी धरून चढायचं आणि खाली येऊन ते त्याच्यासमोर थुंकून दाखवायचं. "ज्याच्या तोंडात पाणी, थो बोंबलत नाई. जो बोंबलत नाई, थो इचार करते." एकदा मी विचार न करताच ते पाणी गिळून टाकलं आणि खाली येऊन थुंकी दाखवली. त्यानं न बघताच ओळखलं. "थुंकीचा आवाज जाड रायते," म्हणाला, आणि मला पुन्हा वर धाडलं.

बघत नसला तरी त्याला सगळं ऐकू यायचं. पाठ आमच्याकडे, सुई जाळ्यात, आणि मध्येच म्हणायचा, "डावा अंगठा झोपला." कुठला खडा कुठून घसरला यावरून त्याला कुणाचा कुठला पाय कुठे आहे ते कळायचं. पण कुठे धर, कुठे ठेव हे त्यानं कधी सांगितलं नाही. शेजारच्या गावचा एक जाडगेला सुतार शिकायला यायचा. तो एकदा कपारीशी घामाघूम होऊन ओरडला, "भाऊ, आता हात कुठी ठेवू?" मामा म्हणाला, "मले का मालूम? मी तं खाली बसलो हावो. खोली तुयी, भिंत तुयी. खुंटी कुठी हाये थे घरवाल्यालेच मालूम रायते." सुतारानं त्याला एक कचकचीत शिवी दिली, त्या रागात हात पुढे घातला, आणि खुंटी सापडली.

त्याच्याकडे पदवीदानही होतं. मी नागपूरला काळा झगा घालून पदवी घेतली आहे, तरी सांगतो की मामाची पद्धत जास्त कडक होती. शिष्य तयार झाला असं मामाला वाटलं की, तो कड्यावर असतानाच मामा जाळं खांद्यावर टाकून घरी निघून जायचा. खाली उतरून बघावं तर दगड रिकामा. बस्स. हीच सनद. मामा दुपारच्या आत एकटा परतताना दिसला की गावातल्या बाया म्हणायच्या, "आज कोणाचं तरी झालं," आणि त्या पोराची आई गूळ काढून चुलीशी बसायची.

माझी वेळ आली ती मी मॅट्रिकच्या वर्गात असताना, भाऊबीजेच्या दिवशीच. दिवस मामानंच निवडला. तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. तोंडात पाणी घेऊन चढलो, माथ्याच्या हातभर खालच्या कपारीला शिवलो, तिथूनच परत उतरलो. सगळा वेळ मनात एकच, दगड रिकामा असेल का. शेवटच्या पायरीवरून खाली बघितलं तर दगड रिकामा! मी पाणी थुंकलो आणि गावाकडे धावत सुटलो. माय दारातच होती. मी ओरडलो, "माय, दगड रिकामा होता!" ती आत गेली, पाट मांडला, ताट केलं, निरांजन लावलं. तिचे हात कसे घाईत होते ते मला अजून दिसतं.

आम्ही वाट बघत बसलो. मामा घरी नव्हताच. दिवस कलला तेव्हा तो वाटेवर दिसला. आणि त्याच्या खांद्यावर जाळं नव्हतं. दोर होता. तोच दोर, वडिलांच्या वेळचा, अकरा वर्षं आढ्याला टांगलेला, धुरानं काळा झालेला.

त्याला तो दोर कुठेही टाकून येता आला असता. पहाडीवर लपवायला जागा थोडी होती का? कुणालाही कळलं नसतं. तो आमच्या अंगणात आला, पाटाकडे बघितलं, निरांजनाकडे बघितलं, आणि बकरीला म्हणाला, "सांग म्हणावं मालकिणीले, आजची गिनती नाई. मी वरती बसलो होतो. दोर घेऊन."

मायनं ताट उचललं, त्याच्या बाजूनं अंगणात गेली आणि चंद्राला ओवाळलं.

मी रागानं वेडा झालो. मामाच्या मागे त्याच्या घरात गेलो आणि म्हणालो, "काऊन, मामा? मी तं चढलो होतो! साऱ्यायले पाठ दाखवतेस, मलेच काऊन नाई?"

तो खाली बसला. पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघून बोलला. "पोरा, मी दोर लय चांगला धरत होतो. इतका चांगला का तुया बाप दगड धरणंच इसरून गेला. त्याचे दोनी हात मोकळे रायत. त्या दिवशी मोहोळाचे भवरं, माश्या, माझ्या डोळ्यावर बसले. मी एक हात उचललो. एकच. दुसरा माणूस असता तं दगडाले चिपकला असता. तुया बापाचे हात तंबाखूत होते." मग म्हणाला, "बाकीच्यायले पाठ दाखवता येते. तुले नाई दाखवता येत मले."

दुसऱ्या दिवशी मी तो दोर आढ्यावरून काढून बघितला. दोन्ही हातांनी ओढला तर वाळल्या काडीसारखा तुटला. त्या दोरानं मला तर सोडाच, बकरीलासुद्धा पेललं नसतं. हे मामाला माहीत नव्हतं असं मला वाटत नाही.

पण तेव्हा माझ्यात समज नव्हती, राग होता, आणि तो मी चांगला जपला. मी नागपूरला गेलो. चार वर्षं दर दिवाळीला घरी यायचो आणि कड्याकडे फिरकत नव्हतो. मामाही म्हणायचा नाही. बकरीकडून माझी चौकशी करायचा, "सांग म्हणावं, नागपूरच्या पोराचा पाय बरा हाये का." मला काही दुखत नव्हतं, त्याची चौकशीच पायांची असायची. मी शेवटच्या वर्षात असताना आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला. मी हे मोठ्या ऐटीत त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अन् पहाडी कुठी ठेवली?" मी म्हटलं, "पहाडी इथीच हाये, मामा." "मंग जाऊ दे जिल्ह्याले," तो म्हणाला. तोवर त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणसांच्या पायांकडे बघायला तो आता जवळजवळ जमिनीवर बसायचा.

बी.ए.चा कागद घेऊन आलो तेव्हा त्यानं त्याच्यावरून बोटं फिरवली. "हे घेतानी दोर कोण धरला होता?"

"कुणी नाही, मामा. परीक्षेत एकट्यानंच लिहायचं असतं."

"मास्तर कुठी रायते तवा?"

"तिथेच फेऱ्या मारत असतात."

"सांगते का काही?"

"एक अक्षर नाही."

"मंग चांगले मास्तर हायेत," मामा म्हणाला, आणि कागद परत दिला. माझ्या पदवीचं त्या जिल्ह्यात एवढं नेमकं कौतुक दुसऱ्या कुणी केलं नाही. त्या क्षणी माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मी म्हटलं, "मामा, या भाऊबीजेला कड्यावर जायचं. तू येशील?" तो म्हणाला, "बसायले येईन."

भाऊबीजेला सकाळी मी त्याला घेऊन निघालो. वाटेत दोनदा ठेचकाळला, पण माझा हात घेतला नाही, आणि मीही दिला नाही. तेवढं मी शिकलो होतो. तो चपट्या दगडावर पाठ करून बसला. जाळं आता डोळ्यांनी नव्हे, बोटांनी विणायचा. मी तोंडात पाणी घेतलं आणि चढलो. नागपूरच्या बुटांनी पाय मऊ केले होते. अर्ध्यावर डावा पाय घसरला, खडे खाली गेले, आणि मी वाट बघत राहिलो की आता आवाज येईल, 'डावा अंगठा झोपला.' आवाज आला नाही. तीन धर, एक सोड, असं मनात म्हणत कपारीला शिवलो आणि उतरायला लागलो.

मध्ये एका पायरीवर थांबून मी खाली बघितलं. दगड रिकामा होता. या वेळी मला आनंद झाला नाही. माथ्याकडे बघितलं, तिथे कुणी नव्हतं. खाली कुणी नव्हतं. वाटेवर, लांब, एक आंधळा म्हातारा जाळं खांद्यावर टाकून, काठीनं चाचपत गावाकडे चालला होता. एकदाही वळला नाही.  आयुष्यात पहिल्यांदा मी खरोखर एकटा होतो, आणि ते इतकं भयंकर असतं हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. मी बराच वेळ दगडाला चिकटून राहिलो. मग पायाला विचारलं. पायाला माहीत होतं.

गावात पोचलो तर आमच्या अंगणात बायांची गर्दी. भर दुपारी, चंद्राचा पत्ता नसताना, मामा आमच्या पाटावर बसला होता. कपाळावर कुंकू, डोक्यावर अक्षता, निरांजन अजून जळत होतं. मायनं माझी वाट बघितली नव्हती. मी म्हटलं, "माय, मी तर अजून उतरलोही नव्हतो! पडलो असतो तर?"

"थो घरी आला ना," माय म्हणाली. "थो तुले सोडून घरी आला, मंग मले का इचारायचं रायलं?"

मग तिनं सुपारी उचलली आणि मामाच्या पुढ्यात केली. सोळा वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. बकरी तिथेच, तुळशीपाशी उभी होती. मायनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"धर," ती म्हणाली.

मामानं आधी हात मांडीवर पुसले. मग दोन्ही हात पुढे केले आणि ती सुपारी धरली. अशी धरली की बायांना त्याच्या मनगटाच्या शिरा दिसल्या. जेवायला बसला तरी त्याची एक मूठ मिटलेलीच होती.

त्याच माघात, थंडीत, मामा गेला. दोन दिवसांचा ताप. मी तोवर वरोऱ्याला शाळेत मास्तर झालो होतो. पोचलो तेव्हा सगळं झालं होतं. माय म्हणाली, शेवटी तिनं हात धरला होता, आणि त्यानं धरू दिला.

पुढच्या भाऊबीजेला मी रजा काढून घरी गेलो. तिन्हीसांजेला मायनं ताट केलं, अंगणात गेली आणि चंद्राला ओवाळलं. सोळा वर्षं ओवाळला तोच चंद्र, तेवढाच, नखाएवढा. आता मात्र तिला तसा हक्क होता. कुंपणापलीकडे ओसरी रिकामी होती. बकरी तेवढी तट्ट्याच्या फटीतून आमच्या अंगणात आली आणि सवयीनं मायपुढे येऊन उभी राहिली, निरोपाची वाट बघत.

मायनं ताट खाली ठेवलं. बकरीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "सांग म्हणावं तुया मालकाले..."

आणि तिला पुढे काही सुचेना. बकरी थोडा वेळ तशीच थांबली. मग कुंपणाकडे वळली आणि एवढाच निरोप घेऊन पलीकडे गेली.